उन्हाळा झोपून काढणारं फूल

दुष्काळी गावात शोभेची फुलझाडं लावू नयेत, असं माझं मत होतं आणि ते मी कधी लपवलं नाही. शाळेत मुलांना सांगायचे, शेजारणींना सांगायचे, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांनाही वाण देता देता ऐकवायचे. कढीपत्ता लावा, शेवगा लावा, लिंबोणी लावा, तुळस तर हवीच. पण ज्याचं पान भाजीत पडत नाही आणि फळ तोंडात पडत नाही, त्याला पाणी घालणं मला उधळेपणा वाटे. बायका मान डोलवायच्या आणि घरी जाऊन गुलाबाला तांब्याभर पाणी घालायच्या, हेही मला ठाऊक होतं.

हे मत हवेतून आलेलं नव्हतं. 2016 चा उन्हाळा ज्यांनी आमच्या भागात काढला त्यांना ते वेगळं सांगायला नको. त्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी गेलं, ‘जलदूत’ नावाची गाडी सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिली. पण लातूर एरवी जिथलं पाणी पितं ते मांजरा धरण आहे धनेगावला, म्हणजे आमच्या केज तालुक्यात. धरण आमच्या उशाला, आणि त्या वर्षी त्याच्या तळाला भेगा. युसूफ वडगावात काय किंवा आसपासच्या गावांत काय, टँकर आला की टिपाडं, घागरी, हंडे, प्लास्टिकचे डबे घेऊन माणसं धावत. भांडी विसळलेलं पाणी आम्ही शेवग्याला घालायचो आणि तांदूळ धुतलेलं कढीपत्त्याला. अंगणातला गुलाब मी माझ्या हातानं उपटला. तो वाळलेला नव्हता, हिरवा होता. पण त्याच्या आळ्यात पाणी ओतताना शेजारच्या घरातलं लेकरू बघत उभं राही, आणि मला त्याच्याकडे बघवत नसे.

ग्लॅडिओलसबद्दल तर माझ्याकडे आणखी एक आक्षेप तयार होता. आपल्याकडे फुलाची किंमत दोन ठिकाणी ठरते, देव्हाऱ्यात आणि अंबाड्यात. मोगरा, शेवंती, जाई, झेंडू, जास्वंद, निशिगंध, सगळी कुठे ना कुठे कामाला येतात. ग्लॅडिओलसला वास नाही. त्याचा हार होत नाही, गजरा होत नाही, एकेक फूल तोडून परडीत टाकावं तर दुपारपर्यंत मान टाकतं. ते सत्काराचं फूल. प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेला तो उंच दांडा व्यासपीठावर पाहुण्याच्या हातात जातो, तिथून खुर्चीखाली, आणि कार्यक्रम संपला की शिपायाच्या केरात. माझ्या स्वतःच्या निरोपसमारंभातही मला तसाच गुच्छ मिळाला होता. घरी आणला तेव्हा आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तो वरखाली बघून म्हणाल्या, “ह्याचं काय करायचं असतंय गं?” मला उत्तर देता आलं नाही.

2016 च्या पावसानं शेवटाला भरपाई केली, मांजरा धरण भरलं, आणि दिवाळीला माझी पुण्याची पुतणी कागदी पिशवीत कंद घेऊन आली. तिला बागेचं वेड. त्यात पिवळे होते ‘फुले गणेश’चे आणि गुलाबी ‘फुले प्रेरणा’चे, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं काढलेले वाण. बाकी काही तिच्या मैत्रिणीकडचे, बिननावाचे. “काकू, लावा ना. सोपं असतं.” मी म्हणाले, “तुझ्या पुण्यात लाव, तिथं नळाला पाणी येतं.” ती हसली आणि पिशवी फडताळात ठेवून गेली.

पिशवीतल्या पिशवीत त्यांना कोंब आले. माती नाही, पाणी नाही, उजेड नाही, तरी कोंब. आता फेकून देणं जिवावर आलं म्हणून न्हाणीच्या पाण्याच्या चारीलगत एक ओळ खोचून टाकली. माघ सरता सरता फुलं आली. पिवळी चांगली होती, हे मान्य केलं. पण माझं मत फुलांनी बदललेलं नाही. फुलं सुंदर असतात हे मला आधीही माहीत होतं. आक्षेप सौंदर्यावर नव्हताच.

मत बदललं ते पुढच्या आषाढात.

झालं असं की फुलं गेल्यावर पानं तशीच उभी राहिली आणि मार्चमध्ये पिवळी पडायला लागली. उन्हाळी वाळवणासाठी मला ती जागा साफ करायची होती. खुरप्यानं उकरलं तर मी लावलेला कंद सापडलाच नाही. त्याच्या जागी गोवरीसारखी चपटी, वाळलेली, तपकिरी चकती होती, आणि तिच्या डोक्यावर नवा, टणक, रसरशीत कंद बसलेला. दोघांच्या मध्ये बारीक बारीक पिल्लं, काही तर हरभऱ्याएवढी. जुना कंद फूल काढण्यात खपला होता आणि पानांनी मग राबून वर नवा भरला होता. म्हणजे हे झाड दर वर्षी जुनं शरीर टाकून नवं करतं. आपण जो कंद लावतो तो आपल्याला कधीच परत मिळत नाही, त्याचा वारस मिळतो. शाळेत इतकी वर्षं विज्ञान शिकवलं, कंद म्हणजे खोडाचा प्रकार, त्यात अन्न साठतं, हे फळ्यावर लिहिलं. आकृतीसुद्धा काढली. पण तो वरचा-खालचा हिशेब हातात धरून कधी बघितला नव्हता.

माती झटकून ते सगळे एका टोपल्यात टाकले आणि टोपलं मागच्या माळवदाच्या खोलीत ठेवलं. आमचं घर दोन काळांचं आहे. पुढे स्लॅबच्या खोल्या, मागे सासऱ्यांच्या वडिलांनी बांधलेली माळवदाची एक खोली, जाड भिंती, वर लाकडी सरे आणि पांढऱ्या मातीचा थर. तिथं आम्ही कांदे, डाळी, पापड-कुरडयांचे डबे ठेवतो. टोपलं एका कोनाड्यात गेलं आणि मी ते विसरले. एप्रिल गेला, मे गेला. पारा चाळिशीच्या पुढे. आषाढात डाळीला हवा लागावी म्हणून खोली आवरायला काढली तेव्हा टोपलं सापडलं. कंद जरासे सुरकुतले होते, पण दाबून बघितलं तर कडक. एकदोघांच्या शेंड्याला फिकट हिरवी टोचणी दिसत होती.

मी ते टोपलं मांडीवर घेऊन बसले आणि मनात हिशेब मांडला. गुलाबाला मेमध्ये पाणी लागतं. मोगऱ्याला लागतं. ज्याला मी उपयोगाचं म्हणत होते त्या कढीपत्त्याला लागतं, लिंबोणीला तर फारच. आणि ह्या बिनवासाच्या, बिनकामाच्या फुलानं मार्चपासून पाण्याचा थेंब मागितला नव्हता. जे पाणी त्यानं प्यायलं ते ऑक्टोबर ते फेब्रुवारीत, जेव्हा पाऊस बरा झाला असेल तर आमच्या विहिरीत पाणी असतं. मी आजवर झाडाझाडाचं पाणी मोजत होते. आमच्यासारख्या मुलुखात मोजायचं ते महिन्याचं पाणी. जानेवारीतला तांब्या आणि मेमधला तांब्या यांची किंमत एक नसते, हे बाजारात जाणाऱ्या कुठल्याही बाईला कळतं. मला फुलांच्या बाबतीत ते लागू करायचं सुचलं नव्हतं.

मग मी वाचायला लागले. इंग्रजी बागकामाच्या पुस्तकांत कंद उकरून ठेवा असं ठासून सांगितलेलं असतं, आणि कारण दिलेलं असतं बर्फाचं: जमीन गोठते, कंद कुजतात. ते वाचून आपल्याकडच्या हौशी लोकांनी निष्कर्ष काढलेला असतो की इथं बर्फ पडत नाही, तेव्हा राहू द्या जमिनीतच. पण बागेतला ग्लॅडिओलस मूळचा युरोपचा नाहीच. त्याच्या बहुतेक जाती आफ्रिकेतल्या, त्यातही दक्षिण आफ्रिकेत सर्वांत जास्त. आज आपण लावतो त्या संकरित वाणांचा एक मोठा पूर्वज बेल्जियममध्ये तयार झाला आणि 1841 मध्ये गेंट शहरातल्या व्हॅन हूट नावाच्या रोपवाटिकावाल्यानं तो विकायला काढला. त्याचे आईबाप मात्र आफ्रिकेतल्या पावसाळी-कोरड्या ऋतूंत वाढलेले. तिथं पाऊस पडला की पानं यायची, पाऊस सरला की जमिनीखाली जाऊन पडायचं. झोप कोरडेपणावर उपाय म्हणून आलेली आहे. थंडीपासून वाचणं हा युरोपातल्या माळ्यांनी त्या झोपेचा करून घेतलेला वापर. तसं पाहिलं तर केज तालुक्याचा उन्हाळा ह्या कंदाला गेंटच्या हिवाळ्यापेक्षा ओळखीचा वाटत असेल.

तरीही तो जमिनीत राहू द्यावा असं मी म्हणणार नाही, आणि इथे माझं दुसरं मत बदललं. माझी समजूत होती की साठवणीत वैरी असेल तर तो उन्हाळा. आपल्या मराठी पुस्तिकांतही कंद शीतगृहात चार-पाच अंश सेल्सिअसला ठेवायला सांगतात. मोठ्या फूलबागायतदारांना ते बरोबरच आहे, त्यांना ठरलेल्या तारखेला हजारो कंद एकदम उगवून हवे असतात. पण ते वाचून माझ्यासारखीला वाटतं, शीतगृह नाही म्हणजे आपल्या नशिबी हे नाही. प्रत्यक्षात उष्म्यानं कंद मरत नाही. उलट गरमीत त्याची झोप लांबते, कोंब उशिरा सुटतात. थंडी लागली की तो लवकर जागा होतो. उन्हाळा घेतो ते फक्त त्याच्या अंगातलं पाणी, आणि त्यावर सावली हा पुरेसा इलाज आहे. खरा वैरी येतो जूननंतर. आमची काळी माती पावसात फुगते, पाणी धरून ठेवते, आणि त्यात झोपलेला कंद कुजतो. जमिनीत राहिलेले काही कंद पुढच्या वर्षी शोधले तर नुसता काळा लगदा निघाला, वर त्याचं पातळ साल मात्र शाबूत.

आत्याबाईंना ही गोष्ट एका वाक्यात माहीत होती. त्या पेवाच्या काळातल्या. त्यांच्या माहेरी जमिनीत पेव होतं, वाडग्यात, आत पाचट आणि कडब्याचं अस्तर लावून ज्वारी भरायचे आणि वर माती लिंपायचे. बहात्तरच्या दुष्काळात ते पेव उघडल्याच्या आठवणी त्यांच्याकडे आहेत. मी कंदांबद्दल पुस्तकातलं काहीबाही सांगत होते तर त्या म्हणाल्या, “आगं माय, ऊन चालतंय. वल चालत न्हाई. मग ते धान्य असू की कांदा.” एवढं बोलून त्या शेंगा फोडायला लागल्या. मी मात्र विद्यापीठाच्या पुस्तिकेत त्याच अर्थाचं वाक्य सापडल्यावरच समाधान पावले, ही सवय शिक्षकीपेशाची.

आता माझं काम कसं चालतं ते सांगते, कारण नुसतं मत बदललं म्हणून सांगण्यात काही हाशील नाही.

लावणी दसऱ्यानंतर, परतीचा पाऊस गेला की. जमीन काळी असेल तर सपाट वाफ्यात लावूच नये. वीतभर उंचीचा गादीवाफा करावा. मातीत वाळू मिसळा असं सगळीकडे लिहिलेलं असतं. पण आमच्याकडे वाळूचं नाव काढलं तर माणसं आधी इकडेतिकडे बघतात आणि मग भाव सांगतात. मी मुरूम चाळून घालते, सोबत जुनं कुजलेलं शेणखत. ताजं शेण घातलं की कंदाला बुरशी धरते. कंद चार बोटं खोल, दोन कंदांत वीतभर अंतर. तीन-चार पानं झाली की बुडाला मातीची भर द्यायची, नाहीतर दांडा फुलाच्या वजनानं लोळतो. आधाराला तुराट्या. तुरीची रास झाली की त्या घरात असतातच, पण तोवर उशीर झालेला असतो, म्हणून मी गेल्या वर्षीच्या राखून ठेवते.

वाण हळवा असेल तर दोन महिन्यांनी, गरवा असेल तर तीन महिन्यांनी दांडा बाहेर पडतो. कधी कधी येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, पहिला रंग दिसतो. त्या दिवशी सगळं गाव शेतात जेवायला जातं आणि घरी परत येताना बायका फाटकाशी थांबून बघतात. खालच्या एकदोन कळ्यांनी रंग दाखवला की दांडा कापायचा, उरलेल्या पाण्यात उमलतात. कापलेला दांडा आडवा ठेवायचा नाही. त्याचं टोक हट्टानं आभाळाकडे वळतं आणि सकाळी बघावं तर वाकडा.

कापताना हात आखडता घ्यावा लागतो, आणि हे हौशी माणसाला सर्वांत जड जातं. दांडा लांब दिसावा म्हणून खालपर्यंत कापला तर पानं जातात, आणि पानं गेली की खाली भरायला कोणी राहत नाही. चार तरी पानं झाडावर ठेवायची. मग सहा ते आठ आठवडे काहीच होत नाही. बघण्यासारखं काही नसतं, पानांचे शेंडे वाळतात, येणारा-जाणारा विचारतो, “बाई, हे काढून का टाकंनात?” हाच काळ मोलाचा. पाणी हळूहळू कमी करायचं आणि काढणीआधी दोन-तीन आठवडे बंदच. पिल्लांचा रंग पांढऱ्याचा तपकिरी झाला की समजायचं, आता उकरा.

उकरल्यावर कंद धुवायचे नाहीत. पानं बुडाशी कापायची, सावलीत दोन-तीन आठवडे पसरायचे. चांगले सुकले की जुनी चकती अंगठ्यानं फिरवली की अलगद सुटते. ती सुटायला कुरकुरली तर अजून ओल आहे असं समजावं. वरचं तपकिरी आवरण मात्र सोलू नये. स्वच्छ दिसावेत म्हणून आमच्या घरातल्या एका हौशी हातानं एकदा सगळे कांद्यासारखे सोलून ठेवले होते. ते मेअखेर खारकेच्या पुढे गेले. मग निवड. मऊ लागलेला, तांबूस-काळे डाग पडलेला कंद कितीही मोठा असला तरी बाहेर. मर रोगाची बुरशी, फ्युजेरियम, कंदातूनच पुढच्या वर्षीच्या मातीत जाते आणि मग वाफा कायमचा नासतो. उरलेल्यांना कॅप्टनच्या किंवा कार्बेन्डाझिमच्या पाण्यात अर्धा तास बुडवून पुन्हा सावलीत वाळवते.

यावरून घरात वाद झाला. औषध लावलेला कंद डाळीच्या खोलीत ठेवायचा नाही, हे आत्याबाईंचं म्हणणं, आणि ते बरोबर होतं. कांद्याच्या जाळीदार पिशवीतले कंद अंधारात कांद्यासारखेच दिसतात. म्हणून आता माळवदाच्या खोलीत दाराच्या वरच्या खुंट्या फक्त त्यांच्या. पिशव्यांना तांबडी चिंधी बांधलेली, लेकराच्या हाताला न येतील अशा उंचीवर. पिशवी अर्धीच भरायची, वारं खेळलं पाहिजे. स्लॅबच्या पोटमाळ्यावर ठेवून पाहिलेत, तिथं दुपारी भट्टी पेटते आणि रात्रीही निवत नाही. कंद हलके होतात. ज्यांच्याकडे माळवद उरलं नाही त्यांनी घरातला उत्तरेकडचा, जमिनीजवळचा कोपरा शोधावा. माळवदं पाडून स्लॅब टाकण्याची आमच्या गावांत चढाओढ आहे. मीही पुढच्या खोल्यांना तेच केलंय, तेव्हा कोणाला बोलायचा मला अधिकार नाही.

फ्रिजचाही प्रयोग केला. भाजीच्या कप्प्यात कंद ठेवले तेव्हा यांनी विचारलं, “मेथी कुठं ठेवायची मग, माळवदात?” फ्रिजमध्ये कंद टिकतात हे खरं. पण शेजारी केळी-सफरचंदं असली तर पिकणाऱ्या फळांतून निघणारा इथिलीन वायू कंदाची झोप मोडतो. थंडीनंही ती मोडतेच. आणि वीज गेली की आत घाम सुटतो, तो वेगळाच. मी तो नाद सोडला. श्रावण-भाद्रपदात पिशवीतल्या कंदांना कोंब येतात, ते येऊ देते. बोटाच्या पेराएवढा कोंब आलेला कंद दसऱ्याला लावला तर काही बिघडत नाही, फक्त तो मोडणार नाही अशी काळजी घ्यायची. पावसाळ्यात दर आठवड्याला पिशव्या खाली घेऊन एकेक कंद दाबून बघते. एक सडला तर त्याला टेकलेलेही काढते. फुलकिडेही सालाखाली दडून उन्हाळा काढतात आणि पुढच्या हंगामात पानांवर चंदेरी ओरखडे पाडतात, तेव्हा त्यांच्याकडेही नजर.

2018 साली पुन्हा दुष्काळ पडला. ऑक्टोबरअखेर सरकारनं राज्यातले 151 तालुके दुष्काळी जाहीर केले. माझ्या नव्या मताची परीक्षा तेव्हा झाली, आणि ते पूर्ण गुणांनी पास झालं असं म्हणता येणार नाही. कंद एक उन्हाळा झोपून काढतो, दोन नाही. दसऱ्याला लावला नाही तर पुढच्या पाडव्यापर्यंत त्याचं नुसतं टरफल उरतं. आणि त्या वर्षी दसऱ्यालाच विहिरीचा तळ दिसत होता. मग मी मोठे कंद वाटून टाकले, मधले थोडे जुन्या तेलाच्या डब्यांत लावले, न्हाणीच्या उरल्या पाण्यावर जगवले, आणि दांडे बाहेर पडले तसे कळीतच खुडले. फुलावर खर्च होणारं बळ कंदात उतरावं म्हणून. बेण्यासाठी वाढवणारे शेतकरी हेच करतात. सगळा हिवाळा पानं, एक फूल नाही. आत्याबाई डब्यांकडे बघून म्हणाल्या, “फुलाचं झाड लावायचं अन् फूल येऊ द्यायचं न्हाई. शाण्या माणसांचं काय सांगावं!” मार्चमध्ये मूठभर कंद मिळाले, पण भरलेले मिळाले. जे पिवळे आज माझ्याकडे आहेत ते त्या डब्यांतल्यांचे वंशज.

काही बाबतींत मात्र मी होते तिथंच आहे. देवाला मी हे फूल अजून वाहत नाही. सवय होत नाही. शेतात लावायला कोणाला सांगत नाही. गावातल्या एका पोरानं अर्धा एकर करू का म्हणून विचारलं होतं. मी म्हटलं, तुझी बाजारपेठ पुणे, दांडे उभे न्यावे लागतात, लग्नसराई नसली की भाव पडतो, आणि बेण्याचाच खर्च तुला पेलणार नाही. त्यापेक्षा दसरा-दिवाळीला झेंडू कर, तो अंबाजोगाईतसुद्धा खपतो. त्याला ते पटलं की नाही माहीत नाही, झेंडू त्यानं केला. आणि हिरवळ, म्हणजे ती लॉन, तिच्याबद्दलचं माझं मत 2016 मध्ये होतं त्याहून कडक झालंय. मंगल कार्यालयासमोर मे महिन्यात फवारे उडताना दिसले की मी रिक्षातून खाली उतरून बोलेन अशी भीती माझ्या घरच्यांना वाटते.

जानेवारीत फुलं बघून पुष्कळ जणी कंद मागतात. आधी मी दसऱ्याला द्यायचे, लावायच्या दिवसांत. फुलं येत, फोटो निघत, आणि पुढच्या वर्षी त्या परत मागायला येत. मधल्या उन्हाळ्यात कंद जमिनीत विसरलेले. आता मी दसऱ्याला देत नाही. पाडव्याला या म्हणते. तेव्हा नुकते सुकलेले कंद देते, कुठं टांगायचे, कधी दाबून बघायचे ते सांगते, आणि पिल्लंही देते, ज्यांना फुलायला दोन-तीन हंगाम लागतात. हे ऐकून बऱ्याच जणी येतच नाहीत. गेल्या पाडव्याला ऊसतोडीहून नुकतीच परतलेली एक शेजारीण आली. सहा महिने ती घरी नसते, लावणीच्या आधीच निघायचं, फुलं यायची तेव्हा कोल्हापूरकडच्या फडात. लावायचं काम तिच्या सासूकडे. तिनं जाळीची पिशवी हातात घेऊन तोलून बघितली, माझ्या सगळ्या सूचना ऐकल्या आणि म्हणाली, “बाई, मी फुलं मागायला आले अन् तुम्ही उन्हाळा द्यायलात की!”

पिशवी मात्र घेऊन गेली.